जुनाट खोकला आणि एक लहानशी डबी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण, स्मरणिकेसाठी किंचित विस्तार करून)



या व्याख्यानमालेत गेले चार दिवस संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि मराठ्यांचा उत्तरेकडील इतिहास अशा विषयांवर विद्वानांची भाषणे झाली. पाचव्या दिवशी थुंकीवर भाषण ठेवण्याचे धाडस कार्यकारिणीने केले, याबद्दल प्रथम तिचे आभार मानतो. कार्यवाहांनी निमंत्रणपत्रिकेत विषयाच्या जागी केवळ 'आरोग्यविषयक' असे छापले आहे. त्यांची अडचण मी समजू शकतो.

मी वैद्य नव्हे. कला शाखेचा पदवीधर असून केंद्र सरकारच्या हिशेबाच्या कामात माझी उभी नोकरी गेली. मात्र या कामात अनेक वर्षे कर्मचाऱ्यांची वैद्यकीय खर्चाच्या परतफेडीची बिले माझ्या मेजावरून जात राहिली, आणि बिले वाचण्याची एकदा सवय लागली की माणसाला आकड्यांच्या आडून घरे दिसू लागतात. जुनाट खोकल्याच्या बिलांचा एक ठरीव नमुना असे. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, प्रतिजैविकांचे एकामागून एक कोर्स, क्ष-किरण छायाचित्र, पुन्हा प्रतिजैविक, नंतर सीटी स्कॅन. हजारो रुपयांच्या या यादीत बेडका तपासल्याची पावती क्वचितच असे. जी तपासणी सर्वांत स्वस्त आणि कित्येकदा विनामूल्य, ती सर्वांच्या शेवटी किंवा मुळीच नाही. असे का व्हावे, या कुतूहलाने मी वाचू लागलो आणि मित्रत्वाच्या नात्याने दोन-तीन डॉक्टरांना छळले. त्या वाचनाचा गोषवारा आपणापुढे ठेवतो.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरू. आपण सरसकट 'थुंकी' म्हणतो. पण तोंडात सुटते ती लाळ वेगळी आणि छातीतून खोकून वर येतो तो बेडका वेगळा. प्रयोगशाळेला बेडका हवा असतो. सुशिक्षित घरांत हा शब्द उच्चारण्याचाही संकोच वाटतो. म्हणून डॉक्टर 'थुंकी आणा' असे सौम्यपणे सांगतात, रुग्ण सौम्यपणे डबीत लाळ देतो आणि अहवाल 'जंतू आढळले नाहीत' असा येतो. शब्दाच्या सोवळेपणाची ही किंमत आहे. ती किती मोठी असते ते पुढे येईलच.

फुप्फुसाच्या जुन्या दुखण्यात जंतू कोणता आहे हे ठरविण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे दुर्बीण आत घालून फुप्फुसाच्या शाखेत खारे पाणी सोडावयाचे आणि ते परत ओढून तपासावयाचे. वाकणारी दुर्बीण जपानच्या डॉ. शिगेतो इकेदा यांनी १९६०च्या दशकात प्रचारात आणल्यापासून हे काम पुष्कळ सुसह्य झाले आहे. कर्करोगाची शंका, रक्त पडणे किंवा अडकलेली वस्तू अशा प्रसंगी तिला पर्यायही नाही. तथापि ती रुग्णालयात, तज्ज्ञाच्या हातून आणि गुंगी किंवा बधिरता आणून करावयाची गोष्ट आहे. ऐंशी वर्षांच्या आजोबांना किंवा चार वर्षांच्या मुलाला वारंवार तिच्यापुढे उभे करता येत नाही. दुसरा मार्ग म्हणजे शरीर आपण होऊन जे बाहेर टाकते तेच वाचावयाचे. आजचा विषय हा दुसरा मार्ग.

त्याचा आरंभ २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये झाला. त्या दिवशी रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू आपल्याला सापडल्याचे जाहीर केले. आनंदीबाई जोशी त्यानंतर चार वर्षांनी, १८८६ साली, फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात क्षयानेच वारल्या. म्हणजे शत्रू कोण हे कळले होते, शस्त्र मात्र हाती नव्हते. ते यावयास आणखी साठ वर्षे लागली. आज शस्त्रे आहेत आणि शत्रू ओळखण्यातच आपण दिरंगाई करतो, हा काळाचा उलटा न्याय म्हणावा लागेल.

कॉखनंतर थोड्याच काळात त्सील आणि नेल्सन या दोन जर्मन संशोधकांच्या नावाने ओळखली जाणारी रंग देण्याची रीत रूढ झाली. काचपट्टीवर बेडका पसरून त्यावर तांबडा रंग ओततात आणि खालून ऊब देतात. मग आम्लाने धुतात. इतर बहुतेक जंतूंचा रंग निघून जातो, परंतु क्षयजंतूच्या अंगावर मेणासारखे जाड कवच असल्याने त्याचा रंग सुटत नाही. शेवटी निळा रंग दिला की निळ्या पार्श्वभूमीवर तांबड्या काड्या दिसतात. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ ही रीत खेड्यापाड्यांतून चालली. तिचा दोष एवढाच, की एक मिलिलिटर बेडक्यात साधारण पाच ते दहा हजार जंतू असल्याशिवाय ते नजरेस पडत नाहीत. जंतू वाढवून पाहण्याची, म्हणजे संवर्धनाची, पद्धत फार तीक्ष्ण आहे. तिला दहा ते शंभर जंतूही पुरतात. पण क्षयजंतू आळशी. सामान्य जंतू वीस मिनिटांत दुणावतो, याला अठरा-वीस तास लागतात. त्यामुळे अंड्यापासून केलेल्या हिरवट माध्यमावर तो उगवेपर्यंत तीन ते आठ आठवडे वाट पाहावी लागते.

आता भारतातील एका अभ्यासाविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण तो जगभर वाखाणला गेला आणि आपल्या घरांत मात्र त्याची वार्ता पोहोचली नाही. बंगलोरला १९५९ साली राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. तेथील डॉ. डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातील खेड्यांत जाऊन, तपासणीत क्षयाचे ठरलेल्या माणसांना विचारले, की तुम्हांला काही होत होते काय आणि त्यासाठी तुम्ही कोठे गेला होता काय? १९६३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. खेडूत अज्ञानी, तो रोग अंगावर काढतो, अशी शहरी समजूत होती. प्रत्यक्षात सुमारे निम्मे रुग्ण आपल्या पायांनी सरकारी दवाखान्यापर्यंत जाऊन आले होते आणि खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परतले होते. त्यांचा बेडका कोणी मागितलाच नव्हता. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने, खोकला घेऊन आलेल्याची थुंकी साध्या दवाखान्यातच तपासावी हे तत्त्व स्वीकारले, त्यामागे हा अभ्यास होता. माझ्या मेजावरची बिले पाहताना मला वारंवार तुमकूर आठवे. फरक इतकाच, की आता बाटलीबरोबर सीटी स्कॅनही मिळतो.

दुसरा अभ्यास रावळपिंडीचा, २००७ साली प्रसिद्ध झालेला. तेथील क्षयरोग केंद्रात स्त्रियांच्या थुंकीत जंतू पुरुषांपेक्षा कमी वेळा सापडत. याची कारणे शरीरशास्त्रात शोधली जात होती. संशोधकांनी अगदी साधी गोष्ट केली: काही स्त्रियांना डबी देताना लाळ आणि बेडका यांतील भेद, खोल श्वास कसा घ्यावा आणि छातीतून कसे खोकावे हे दोन मिनिटे समजावून सांगितले, इतरांना नेहमीप्रमाणे नुसती डबी दिली. ज्यांना सांगितले त्यांच्यापैकी १३ टक्क्यांत जंतू आढळले, इतरांत ८ टक्क्यांत. औषध नवे नाही, यंत्र नवे नाही. केवळ दोन मिनिटांचे बोलणे.

या अभ्यासातील स्त्रिया परक्या नाहीत. चारचौघांत खाकरणे हे बायकांच्या जातीला शोभत नाही, असे आपल्याही आया-आज्यांना लहानपणापासून शिकविलेले असते. मंडळाच्या परिवारातीलच एका घराची हकीकत, नाव-गाव वगळून, सांगतो. वहिनी तीन हिवाळे खोकत होत्या. आपण घर सोडून दूर आलेली माणसे, आपल्याजवळ प्रत्येक दुखण्याला एक हुकमी कारण असते: 'इथली हवा मानवत नाही.' इथली थंडी, इथले धुके, इथली धूळ! कोकणात गेल्या की बऱ्या होतील असे ठरले; त्या गेल्या, खोकला बरोबर गेला आणि बरोबर परत आला. मुलींची लग्ने व्हावयाची होती, त्यामुळे क्षय हा शब्द घरात निघाला नाही. एका खाजगी दवाखान्यात डबी दिली गेली, त्यात लाळ गेली, अहवाल निर्दोष आला. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी नीट समजावून पुन्हा नमुना घेतला, तेव्हा तांबड्या काड्या दिसल्या. वहिनी सहा महिन्यांच्या औषधाने पूर्ण बऱ्या झाल्या. मात्र रोज रात्री त्यांच्या कुशीत झोपणाऱ्या नातवालाही प्रतिबंधक गोळ्या घ्याव्या लागल्या. त्या तीन हिवाळ्यांत त्यांच्या हातचे पुरणाचे ताट आपण अनेकांनी जेवलो आहोत. जेवणाने हा रोग पसरत नाही, तेव्हा कोणी मागे वळून शंका घेऊ नये. तो पसरतो बंद खोलीतील खोकल्याच्या हवेने. उत्तरेत हिवाळ्यात आपण दारे-खिडक्या घट्ट लावून एकत्र झोपतो, तो काळ त्याला फार अनुकूल.

गेल्या पंधरा वर्षांत या क्षेत्रात मोठे परिवर्तन झाले. बेडक्यातील जंतूचा जनुकीय अंश यंत्रात असंख्य पटींनी वाढवून ओळखण्याची रीत आली. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा एका यंत्राला मान्यता दिली. सरकारी दवाखान्यांत त्याला 'सीबीनॅट' म्हणतात. दोन तासांच्या आत उत्तर मिळते आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही हेही त्याच वेळी कळते. जुन्या काचपट्टीला हे दुसरे उत्तर देता येत नसे. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे 'ट्रूनॅट' हे याच तत्त्वावरचे लहान, बॅटरीवर चालणारे यंत्र आपल्या गोव्यातील कंपनीचे आहे. २०२० साली त्यालाही जागतिक संघटनेची मान्यता मिळाली. वातानुकूलित खोली नसलेल्या, वीज जाणाऱ्या दवाखान्यात ते चालते. इथे एक सावधगिरी: ही यंत्रे मेलेल्या जंतूचा अंशही ओळखतात. म्हणून उपचार कितपत लागू पडला हे पाहण्यासाठी अद्याप काचपट्टी आणि संवर्धन यांकडेच वळावे लागते. यंत्राने 'आहे' म्हटले म्हणून पूर्वी बऱ्या झालेल्या माणसाने धास्ती घेऊ नये. डॉक्टरांना जुना इतिहास सांगावा.

ज्यांना बेडका पडतच नाही त्यांचे काय? लहान मुले तो गिळून टाकतात. त्यांच्या नाकातून नळी घालून सकाळी उपाशीपोटी जठरातील पाणी काढण्याची रीत होती; तीन दिवस तो छळ चाले. केपटाऊनच्या डॉ. हेदर झार आणि सहकाऱ्यांनी २००५ साली दाखविले, की तीव्र खाऱ्या पाण्याची वाफ हुंगवून मिळविलेला एक नमुना जठराच्या तीन नमुन्यांच्या तोडीचा असतो. मीठ श्वासनलिकेत पाणी ओढते, चिकटलेला कफ सुटतो, इतके ते सोपे. दमा असणाऱ्याची श्वासनलिका यामुळे आवळू शकते, म्हणून आधी ती रुंदावणारे औषध देतात. घरी मिठाच्या पाण्याचे प्रयोग करू नयेत. याच युक्तीचा उपयोग 'सिस्टिक फायब्रोसिस' या आनुवंशिक रोगाच्या मुलांसाठी वेल्समधील कार्डिफ येथे करण्यात आला. या मुलांच्या छातीत जंतू ठाण मांडून बसतात आणि त्यांचा माग आयुष्यभर ठेवावा लागतो. खोकताना घशातून कापसाचा बोळा फिरविण्यापेक्षा वाफेने सुटलेला बेडका कितीतरी सरस, आणि दुर्बिणीने मिळणाऱ्या उत्तराच्या जवळपास जाणारा, असे २०१८ साली तेथे दिसून आले. याखेरीज, मूल जे गिळते ते पुढे शौचात उतरते, म्हणून शौचाच्या नमुन्यावरही आता क्षयाची यंत्रतपासणी करतात. आयांना हे ऐकून किती सुटल्यासारखे वाटेल!

सर्वच जुनाट खोकला क्षयाचा नसतो. विडी-सिगारेटने किंवा चुलीच्या धुराने श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेले, अथवा जुन्या क्षयाने त्या फुगून पिशव्यांसारख्या झालेले रुग्ण आपल्यात पुष्कळ. ज्यांनी कधी विडीला स्पर्श केला नाही अशा आज्यांना हे दुखणे का व्हावे, याचे उत्तर त्यांच्या तरुणपणीच्या स्वयंपाकघरात आहे. त्यांच्या बेडक्यात वेगळे जंतू असतात आणि येथे वाचन अधिक नाजूक होते. पहिला पुरावा रंगाचा. पांढऱ्या पेशी जंतूंशी झुंजतात तेव्हा त्यांतील एका हिरव्या द्रव्यामुळे बेडका हिरवा दिसतो. इंग्लंडमधील डॉ. रॉबर्ट स्टॉकली आणि सहकाऱ्यांनी २००० साली खोकला बळावलेल्या १२१ प्रसंगांचा अभ्यास केला. बेडका हिरवट-पुवासारखा होता तेथे ८४ टक्के नमुन्यांत जंतू वाढले, पांढरा-चिकट होता तेथे ३८ टक्क्यांत. म्हणजे रुग्णाने पांढऱ्या कागदी रुमालावर पाहून डॉक्टरांना खरा रंग सांगणे हीही एक तपासणीच आहे, आणि तिला खर्च नाही.

पण त्या ३८ टक्क्यांतही एक धडा आहे. जुन्या दुखण्यात जंतू शांतपणे मुक्काम करून राहतात. अहवालात नाव आले म्हणजे आजचा त्रास त्यानेच दिला असे नव्हे. प्रयोगशाळाही प्रत्येक नमुना वाढवीत नाही, निदान वाढवू नये. आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तोंडाच्या पेशी जास्त दिसल्या तर ती लाळ समजून नमुना परत करावा, पुवाच्या पेशी भरपूर असतील तरच पुढे न्यावा, असा दंडक आहे. नमुना नाकारला तर रागावू नये. ते प्रामाणिक प्रयोगशाळेचे लक्षण होय. आणि संवर्धनाचे मोल केव्हा कळते? स्यूडोमोनास नावाचा जंतू निघतो तेव्हा. घरोघरी परिचित असलेल्या साध्या प्रतिजैविकांना तो मुळीच दाद देत नाही. बिलांतील ते एकामागून एक कोर्स कित्येकदा अशाच बहिऱ्या जंतूवर खर्ची पडत असावेत.

उलट दिशेचा धोकाही सांगितला पाहिजे. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी काही औषधे न्यूमोनियावर दिली जातात आणि क्षयजंतूलाही अर्धवट दाबतात. खोकला महिनाभर नरमतो, तपासणीत जंतू सापडत नाही, आणि रोग आत वाढत राहतो. म्हणून डबी आधी आणि प्रतिजैविक नंतर, हा क्रम महत्त्वाचा. रक्त तपासून 'क्षयाची प्रतिद्रव्ये' शोधण्याचा व्यापार एके काळी आपल्याकडे जोरात होता. त्या तपासण्या इतक्या फसव्या ठरल्या की २०१२ साली केंद्र सरकारने त्यांवर बंदी घातली. क्ष-किरणाने डाग दिसतो, डागात जिवंत जंतू आहे की जुनी खूण हे कळत नाही.

नव्या वाटाही शोधल्या जात आहेत. जिभेवरून बोळा फिरवून जंतूचा अंश शोधता येतो. जंतू थोडे असतील तेव्हा तो बेडक्यापेक्षा मागे पडतो, पण बेडकाच न देणाऱ्या माणसासाठी मोलाचा. लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी मुखपट्टीच्या आत विशेष पट्टी बसवून, नुसत्या श्वासाबरोबर बाहेर पडणारे क्षयजंतू पकडले. टांझानियात तर मोठ्या जातीच्या उंदरांना शिकवून थुंकीचे नमुने हुंगविले जातात. शंभर नमुने ते वीस मिनिटांत तपासतात, आणि सूक्ष्मदर्शकातून सुटलेले रुग्ण त्यांनी हुडकून दिले आहेत. गणपतीच्या मांडवात बोलतो आहे, तेव्हा मूषकाच्या या कर्तबगारीची नोंद करणे अवश्य वाटले.

आता व्यवहाराचे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे यांपैकी काही असेल तर सरकारी केंद्रात तपासणी आणि औषध दोन्ही विनामूल्य आहेत. रुग्णाचे नाव सरकारला कळविणे २०१२पासून खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. ते बदनामीसाठी नव्हे. नोंद झाली म्हणजे उपचार पुरा होईपर्यंत पाठपुरावा होतो, आणि पोषणासाठी नोव्हेंबर २०२४पासून दरमहा एक हजार रुपये मिळतात. ते आपल्याला नको असतील, पण आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईंना हवे असू शकतात. त्यांचा खोकलाही आपल्याच घरातला आहे.

नमुना सकाळी उठल्याबरोबर, काही खाण्यापूर्वी द्यावा. रात्रभर साचलेला बेडका तेव्हा मिळतो. साध्या पाण्याने चूळ भरावी. गच्चीत किंवा अंगणात, मोकळ्या हवेत जावे, स्नानगृहात कोंडून घेऊ नये. छाती भरून श्वास घ्यावा, क्षणभर रोखावा, सोडावा. असे दोन-तीनदा करून पोटापासून खोकावे. चहाचा अर्धा-एक चमचा एवढा घट्ट ऐवज पुरतो. पातळ, फेसाळ आला तर पुन्हा प्रयत्न करावा, घाई नाही. सासूबाईंनी सुनेला किंवा सुनेने सासूबाईंना आडोसा करून देऊन तेवढा वेळ इतरांना दूर ठेवावे. डबी घट्ट लावून, उन्हात न ठेवता त्याच दिवशी पोहोचवावी. नाव डबीच्या अंगावर लिहावे, झाकणावर लिहू नये. प्रयोगशाळेत झाकणे निघतात आणि बदलतात.

वैद्यकीय शंका असतील त्या पहिल्या रांगेत बसलेल्या डॉक्टरमंडळींना विचाराव्यात. बिलांविषयीच्या शंकांना मी उत्तर देऊ शकेन. या तासाभरात सभागृहात जे खोकले त्यांनी संकोच केला नाही, याबद्दल आभारी आहे.